बाळाचं इसब, तेल-मालीश आणि ॲलर्जी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकटीला तिसऱ्या महिन्यात गालांवर इसब उठलं, पाठोपाठ हातापायांवर. पुढची दोन वर्षं त्वचारोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, दोन्हीकडच्या आज्या आणि मालीश करणाऱ्या मावशी अशा पाच जणींच्या पाच मतांत गेली. तेव्हा लागलेली वाचायची खोड अजून सुटलेली नाही. आता मैत्रिणी, त्यांच्या नणंदा-भावजया रात्री अकराला फोटो पाठवून जे विचारतात, ते प्रश्न इथे एका जागी ठेवलेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मलमांची नावं आणि मात्रा इथे सापडणार नाहीत.

डॉक्टर सारखं "स्किन बॅरियर, स्किन बॅरियर" म्हणतात. ते नेमकं काय?

त्वचेचा अगदी बाहेरचा थर. वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. त्यात चपट्या, मेलेल्या पेशी विटांसारख्या एकीवर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत चुन्यासारखी स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. ही भिंत आतलं पाणी आत राखते आणि जंतू, धूळ, अन्नाचे कण बाहेर थोपवते. शिवाय ती किंचित आंबट असते, सामू (pH, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ४.५ ते ५.५. नुकत्या जन्मलेल्या बाळाची त्वचा एवढी आंबट नसते, पहिल्या काही आठवड्यांत ती तशी होत जाते. अंगाला लावायच्या साध्या साबणवडीचा सामू ९ ते १० असतो. हे आकडे लक्षात ठेवा, साबणाच्या प्रश्नात लागतील.

कोरड्या त्वचेचा दम्याशी आणि शेंगदाण्याशी काय संबंध?

पूर्वीचा समज असा की ॲलर्जी आधी, इसब नंतर. पोटात काही सोसलं नाही की ते अंगावर फुटतं. आपण "अंगावर निघालं" म्हणतो त्यातही हाच हिशेब आहे. पण मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांना क्रम उलटा दिसत होता. पहिल्या वर्षात इसब, मग अंडं-शेंगदाण्यासारख्या अन्नाची ॲलर्जी, मग शाळेच्या वयात दमा आणि सकाळच्या शिंका. (सगळ्यांचं असं होत नाही. कितीतरी मुलांचं इसब चार-पाच वर्षांत आपसूक विरतं आणि पुढे काहीही होत नाही. फोटो पाठवणाऱ्या आईला मी हे वाक्य सगळ्यात आधी सांगते.)

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आणि आयर्लंडमधल्या डब्लिनच्या संशोधकांना या उलट्या क्रमामागचं एक कारण सापडलं. फिलाग्रिन नावाचं प्रथिन त्या विटा घट्ट बसवतं आणि त्याच्या तुकड्यांपासून त्वचेत ओल धरून ठेवणारे घटक बनतात. ज्यांच्या फिलाग्रिनच्या जनुकात दोष आहे त्यांना इसब बरंच जास्त होतं. युरोपात शंभरातल्या साधारण दहा जणांत असा दोष असतो. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती पुढेच आहे. हे प्रथिन श्वासनलिकेच्या अस्तरात नसतंच, तरीही असा दोष असलेल्या इसबवाल्या मुलांना दमा जास्त होतो. म्हणजे छातीत पोचणारी वाटसुद्धा कातडीतून निघत असली पाहिजे.

लंडनचे बालॲलर्जीतज्ज्ञ गिडिअन लॅक यांनी २००८ मध्ये हे सगळं एका सूत्रात बांधलं. अन्न तोंडावाटे पोटात गेलं की शरीर त्याला घरचं मानायला शिकतं. तेच अन्न फुटलेल्या, सुजलेल्या त्वचेतून आत शिरलं की शरीर त्याला चोर समजतं. त्याआधी २००३ मध्ये त्यांच्याच गटाला ब्रिटिश मुलांमध्ये आढळलं होतं, की शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम्स ज्यांच्या पुरळावर लावली गेली त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती.

तरीही खरं वाटत नसेल तर जपानमधली गोष्ट ऐका. तिथे चेहरा धुण्याचा एक साबण खूप खपायचा. त्यात गव्हाचं प्रथिन तोडून घातलेलं होतं. आयुष्यभर पाव आणि नूडल्स खाल्लेल्या बायकांना तो वापरून गव्हाची ॲलर्जी जडली, काहींच्या जिवावर बेतलं. २०११ मध्ये साबण बाजारातून परत मागवला, पुढे मोजलेल्या बाधितांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. गहू तोच. दार तेवढं चुकीचं.

मग जन्मल्या दिवसापासून रोज मॉइश्चरायझर लावलं तर ॲलर्जी टळेल ना?

तर्काने टळायला हवी. भिंतीला तडे जातात म्हणून रोग होतो, तर तडे पडण्याआधीच गिलावा करा. २०१४ मध्ये दोन छोटे अभ्यास आलेही तसेच. एक जपानमधला, ११८ बाळांचा. दुसरा अमेरिका-ब्रिटनमधला, १२४ बाळांचा. दोन्हींत इसबाचं प्रमाण चांगलं घटलं. पालकांच्या जगात त्याचा केवढा गाजावाजा झाला! बाळाच्या क्रीमच्या किमतीही त्याच सुमारास चढल्या असा मला दाट संशय आहे.

मग २०२० मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये घरात ॲलर्जीचा इतिहास असलेली १३९४ बाळं घेतली, निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर. दुसऱ्या वाढदिवसाला इसबाचं प्रमाण: मॉइश्चरायझर लावलेल्यांत २३ टक्के, न लावलेल्यांत २५ टक्के. फरक नाही म्हटलं तरी चालेल. नॉर्वे-स्वीडनमधल्या २३९७ बाळांतही तेच. उलट ब्रिटिश बाळांमध्ये मॉइश्चरायझरच्या गटात त्वचेचे जंतुसंसर्ग थोडे जास्त निघाले. सगळे अभ्यास एकत्र तोलून पाहणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यानेही २०२१ मध्ये हेच म्हटलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांत तर निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला सरसकट मॉइश्चरायझर लावण्याची शिफारस नाही.

विषय इथे मिटला म्हणावं, तर २०२५ मध्ये अमेरिकेतून १२४७ बाळांचा अभ्यास आला. यात जोखमीची निवडक बाळं नव्हती, साध्या दवाखान्यांत येणारी सगळी होती, आणि सुरुवात नऊ आठवड्यांच्या आत केलेली. दोन वर्षांनी इसब ३६ विरुद्ध ४३ टक्के. फायदा आहे, पण लहान. आणि तो इसबाचा आहे. दमा किंवा अन्नाची ॲलर्जी त्याने टळते असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर: त्वचा मऊसूत असलेल्या बाळाला महागड्या बाटलीची गरज नाही. ज्या पैशात ती येते त्यात बाळाच्या आईला महिनाभर कामाला मदतनीस मिळेल.

म्हणजे लावूच नको का?

असं नाही. त्वचा खरखरीत, पापुद्रे सुटलेली असेल, किंवा इसब असेल, तर मॉइश्चरायझर हा उपचाराचा पाया आहे आणि तो कंजूषपणे लावून उपयोग नाही. दिवसातून दोनदा तरी, आंघोळीनंतर अंग टिपून दोन-तीन मिनिटांत, ओल अंगात असतानाच. सुगंध नसलेलं, जाडसर, साधं. साधी पांढरी पेट्रोलियम जेलीसुद्धा चालते, फक्त आपल्या मे महिन्यात तिने घामोळं उठू शकतं.

आणि आधी हात धुवा. ही सूचना मी उगाच आजीबाईंसारखी करत नाही. १३०३ ब्रिटिश बाळांच्या एका अभ्यासात असं दिसलं, की तिसऱ्या महिन्यात ज्यांना जास्त वेळा मॉइश्चरायझर लावलं जायचं त्यांना पुढे अन्नाची ॲलर्जी जास्त झाली. कारण पक्कं सिद्ध नाही, पण संशोधकांचा संशय लावणाऱ्या हातांवर आहे. कूट घातलेली भाजी ढवळून, अंडं फोडून तेच हात बाळाच्या अंगाला चोळले, तर क्रीमबरोबर तेही आत जातं. डब्यात बोटं घालण्यापेक्षा पंप किंवा ट्यूब बरी. डब्यातूनच घ्यायचं तर स्वच्छ चमचा ठेवा.

मालीश कोणत्या तेलाने?

इथे घराघरात युद्ध होतं, म्हणून सावकाश सांगते.

ऑलिव्ह तेल महाग आहे म्हणून चांगलं असेल असं वाटतं. मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे लावून पाहिलं, तर ऑलिव्ह तेलाने भिंत कमजोर झाली आणि सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. हा अभ्यास २०१३ चा. कारण मेदाम्लांत आहे: ऑलिव्हमध्ये ओलिइक आम्ल भरपूर, ते सांध्यांतला चुना विस्कटतं, सूर्यफुलात लिनोलिइक आम्ल, ते सेरामाइड बनवायला लागतं. बांगलादेशात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर रुग्णालयात होणारे रक्तातले जंतुसंसर्ग कमी झाले होते. उत्तरेकडचं मोहरीचं तेल त्वचेला झोंबतं, ते बाळाला नकोच. कोकण-गोव्यातल्या आज्यांसाठी आनंदाची बातमी: फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं.

आता तीळ, बदाम आणि शेंगदाणा. हे तिन्ही ॲलर्जी करू शकणारे पदार्थ. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात उरतं. खायला घाण्याचं तेल झकास, माझ्याही घरी तेच आहे. इसबाने फुटलेल्या अंगावर ते नको.

मालीशीचा हातही महत्त्वाचा. आमच्या मावशी बाळ लालबुंद होईपर्यंत रगडायच्या आणि त्याला "रंग उजळला" म्हणायच्या. त्यांना थांबवायला मला पंधरा दिवस आणि एक साडी लागली.

डाळीचं पीठ, साय, कणकेची लोळी? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात.

आमच्याकडेही. अंगावरची लव जावी म्हणून हळद-दुधातली कणकेची लोळी फिरवायची, साबणाऐवजी डाळीचं किंवा मसुरीचं पीठ. साबण टाळण्याची त्यातली बुद्धी खरोखर चांगली होती. पण आता वरची जपानी गोष्ट परत वाचा आणि लोळीतला माल मोजा: गहू, दूध, हरभरा, मसूर. सगळी प्रथिनं. ती ओली करून, दाणेदार पिठाने घासून, आठवडेच्या आठवडे, बाळाने यातलं काहीही तोंडाने चाखण्याआधी. हरभरा हा भारतातला ओळखीचा ॲलर्जीकारक पदार्थ आहे, मुंबईतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ती ॲलर्जी लोळीमुळे होत असावी हा फक्त माझा तर्क आहे. पण पुरळ असलेल्या बाळाच्या बाबतीत मी हा जुगार खेळणार नाही.

सासूबाईंना कसं सांगायचं? मी म्हटलं, "आई, डाळीचं पीठ बाळाला भज्यांतूनच द्यायचं असं डॉक्टर म्हणतात." हसल्या आणि सोडून दिलं. दिवाळीचं उटणं मोठ्यांनी लावावं, बाळाच्या पायाला एक बोट टेकवून शकुन करावा.

साबण कोणता आणि आंघोळ रोज का?

पहिली आंघोळ जन्मानंतर २४ तासांनी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचं पांढरं आवरण पुसून काढायची घाई करू नये, ते निसर्गाने दिलेलं मलमच आहे. नंतर रोज आंघोळ आपल्या हवेत ठीक. पाच-दहा मिनिटं, कोमट पाणी. "कडकडीत पाण्याने अंग शेकलं की बाळ छान झोपतं" यातली झोप खरी, पण गरम पाणी चुना विरघळवतं. साबण रोज सगळ्या अंगाला लागत नाही. मान, काखा, जांघा आणि शीचा भाग पुरे. कमी सामूचं, बिनवासाचं सौम्य क्लेन्झर असेल तर उत्तम. "हर्बल" किंवा "बेबी" हे शब्द सामू सांगत नाहीत.

आमच्याकडे बोअरचं पाणी, फेसच येत नाही. त्याने होतं का?

मुंबईहून लातूरला गेलेल्या मैत्रिणीचा हा प्रश्न, आणि तो रास्त आहे. ब्रिटनमध्ये जड पाण्याच्या भागात तीन महिन्यांच्या बाळांत इसब जास्त दिसलं. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर अंगावर राहतो. पण पाणी मऊ करणारी यंत्रं ३३६ इसबवाल्या मुलांच्या घरी बसवून पाहिली, २०११ मध्ये निकाल आला, इसबात फरक शून्य. यंत्राचे पैसे वाचवा. साबण कमी लावा, शेवटचे दोन तांबे जास्त घाला.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलंय. लावू का? भीती वाटते.

भीती समजते, कारण आपल्याकडे त्याचा गैरवापर भयंकर झालाय. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला, गजकर्णावर, घामोळ्यावर, दुकानदाराने हातात ठेवलेली तीन औषधांची मिसळ असलेली ट्यूब. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी गल्लीतलं दुकान काय विकतं ते आपल्याला ठाऊक आहे.

पण इसब तसंच धुमसत ठेवणं हा त्याहून सुरक्षित मार्ग नाही. सूज स्वतःच फिलाग्रिन कमी करते, खाजवल्याने तडे वाढतात, तड्यांत स्टॅफिलोकोकस जंतू बसतात, त्याने सूज वाढते. जपानमध्ये ७ ते १३ आठवड्यांच्या, इसब असलेल्या ६५० बाळांवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. एका गटात मलम नेटाने, ठरलेल्या वेळापत्रकाने लावून त्वचा पूर्ण साफ ठेवली; दुसऱ्यात उठलं की लावा. अंड्याची ॲलर्जी पहिल्यात ३१.४ टक्के, दुसऱ्यात ४१.९. त्वचेवर उपचार करून अन्नाची ॲलर्जी कमी झाल्याचा हा पुरावा. मात्र पहिल्या गटातल्या बाळांचं वजन सरासरी ४०० ग्रॅमच्या आसपास आणि उंची जवळपास एक सेंटिमीटरने कमी भरली. म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस पूर्ण लावा. "जरा बरं दिसलं" म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवणं आणि सहा महिने न विचारता लावत राहणं, या दोन्ही चुका मी माझ्याच घरात पाहिल्यात.

इसब आहे म्हणजे काहीतरी सोसत नाही. मी दूध, अंडी, वांगं सगळं बंद केलंय.

सुरू करा, कृपा करून. अंगावर दूध पाजणाऱ्या आईने स्वतःला उपाशी ठेवून इसब जात नाही. बहुतेक बाळांचं इसब अन्नामुळे नसतंच. रक्ताच्या चाचणीत "पॉझिटिव्ह" आलेलं नाव म्हणजेही ॲलर्जी नव्हे. कर्नाटकातल्या प्रौढांच्या मोठ्या पाहणीत रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं असलेले २६.५ टक्के निघाले, पण ते अन्न खाऊन खरोखर त्रास होणारे जेमतेम १.२ टक्के. तीस-चाळीस पदार्थांची "पॅकेज" चाचणी म्हणजे विकत घेतलेली काळजी. आणि नीट पचणारं अन्न इसबवाल्या बाळाचं बंद केलं तर पोटाची ओळख पुसते, त्वचेची वाट मात्र उघडीच राहते. पुढे ते परत दिल्यावर जोरात ॲलर्जी उठल्याची उदाहरणं आहेत.

मग शेंगदाणा आणि अंडं कधी?

२०१५ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळला. टाळलेल्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी, खाल्लेल्यांत ३.२ टक्के. "ॲलर्जीचा पदार्थ उशिरा द्या" हा आमच्या पिढीला मिळालेला सल्ला त्या दिवशी मोडीत निघाला.

आपलं उष्टावण सहाव्या महिन्याच्या आसपास होतं, वेळ चांगलीच साधलेली आहे. वरण-भातापाठोपाठ नाचणीच्या सत्त्वात चिमूटभर बारीक कूट, पूर्ण शिजलेल्या अंड्याचा चमचाभर गर. एका वेळी एक नवीन पदार्थ, आणि सोसला तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवायचा. अख्खा किंवा अर्धा शेंगदाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही, श्वासनलिकेत अडकतो. इसब जोराचं असेल किंवा आधी कशाची प्रतिक्रिया आली असेल, तर पहिला घास डॉक्टरांना विचारून, गरज पडली तर त्यांच्यासमोर.

कडुलिंबाचं पाणी, धुरी, कोरफड?

कडुलिंबाच्या पाण्याने अंग आणखी कोरडं पडू शकतं. कोरफडीच्या ताज्या चिकाने पुरळ उठलेली बाळं मी पाहिलीत. ओवा-धुपाची धुरी त्वचेला नव्हे, छातीला बाधते. ज्या घरात दमा आहे तिथे शेगडी खोलीबाहेर.

लगेच डॉक्टरकडे कधी पळायचं?

इसबातून पिवळं पाणी किंवा मधासारखी खपली येत असेल, ताप असेल. एकसारखे छोटे फोड झपाट्याने पसरत असतील तर त्याच दिवशी, कारण तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. म्हणूनच ओठाला तापाचे फोड (तेही याच विषाणूचे) आलेल्या पाहुण्याला बाळाचा मुका घेऊ देऊ नका, मग तो सख्खा मामा असो. आणि काही खाल्ल्यावर मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, धाप, बाळ मलूल पडणं: फोटो पाठवत बसू नका, थेट रुग्णालय.

हे सगळं बाळांचंच का? माझे हात पण फुटलेत.

भिंत तीच आहे. दिवसात चार घरची भांडी घासणाऱ्या ताई, केस धुणाऱ्या पार्लरमधल्या मुली, सिमेंटमध्ये हात घालणारे गवंडी, यांच्या हातांचं इसब हे बहुतेकदा आधी साबण-पाण्याने झिजलेल्या कातडीचं दुखणं असतं. ॲलर्जी मागाहून चढते, जशी सिमेंटमधल्या क्रोमियमची गवंड्यांना. रबरी हातमोज्यांच्या आत पातळ सुती मोजे, आणि भांडी झाल्यावर हात टिपून लगेच काहीतरी स्निग्ध. आमच्या मोरीच्या कट्ट्यावर आता दोन डब्या शेजारी असतात, एक भांड्यांच्या साबणाची, एक पेट्रोलियम जेलीची. कामाच्या ताई दुसरी जास्त लवकर संपवतात.